मोल दिले, मालकी कोणाची?

धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवी आज्ञा समजावून सांगताना आमची उदाहरणे ठरलेली असतात. शेजाऱ्याच्या वाडीतले नारळ, दुकानदाराच्या मापातले पाप, मजुराची बुडवलेली मजुरी. ही उदाहरणे योग्यच आहेत आणि ती यापुढेही द्यावी लागतील. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या हातून या आज्ञेविरुद्ध जे घडले, त्याचे उदाहरण मी धर्मशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते आणि गुरुविद्यालयात नीतिशास्त्राच्या तासालाही ऐकलेले नव्हते. ते घडत असताना मला तर असे वाटत होते की, आपण एक चांगले काम पार पाडीत आहोत. म्हणूनच ते येथे सविस्तर मांडावेसे वाटते.

मी ज्या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो तेथील चर्चचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. महोत्सवाला एक बोधचिन्ह असावे आणि स्मरणिकेला देखणे मुखपृष्ठ असावे, असे समितीने ठरविले. आमच्याच धर्मग्रामातला एक तरुण मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन स्वतंत्रपणे व्यवसाय करीत होता. मी त्याला बोलावून घेतले. पाच हजार रुपये ठरले. कागदावर काहीच लिहिले नाही. चर्चच्या ऑफिसात चहा पिता पिता जे बोलणे झाले तेवढाच आमचा करार. धर्मग्राम म्हणजे एक होडी, ही कल्पना मी त्याला सांगितली. पंधरा दिवसांनी त्याने चित्र आणून दिले. मोजक्या रेषांची एक होडी, क्रूसाची डोलकाठी, वल्ही मारणाऱ्या पाच आकृती आणि सहाव्या माणसाची जागा रिकामी. ती रिकामी का, हे मी विचारले नाही. चित्र सर्वांना आवडले आणि त्याचे पैसेही वेळेवर दिले गेले.

महोत्सव संपला, पण चित्र थांबले नाही. युवकांनी ते टी-शर्टांवर छापून विकले. पुढच्या वर्षी चर्चचे कॅलेंडर निघाले, तेव्हा छापखान्याला होडीतली ती रिकामी जागा सोयीची वाटली आणि तिथे मुख्य जाहिरातदाराचे नाव बसविण्यात आले. त्यानंतर दुसऱ्या एका धर्मग्रामाचा महोत्सव आला. तेथील धर्मगुरूंनी चित्र मागितले आणि मी मोबाइलवरून ते क्षणात पाठवून दिले. त्यांनी नाव आणि साल बदलून ते वापरले. या सर्व प्रवासात त्या तरुणाला कोणी एका शब्दानेही विचारले नाही. स्मरणिकेतील आभाराच्या यादीत मंडपवाल्यापासून वाजंत्र्यांपर्यंत सर्वांची नावे होती. त्याचे मात्र राहून गेले होते.

एके संध्याकाळी तो मला भेटायला आला. हातात ते कॅलेंडर होते.

“फादर, ती जागा मी चित्र पाहणाऱ्यासाठी ठेवली होती,” तो म्हणाला. “आपण अजून या होडीत बसलो नाही असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी.”

मी जे बोललो ते कोणीही बोलला असता. “अरे, पण आम्ही तुला पैसे दिले होते ना?”

“दिले होते, फादर. स्मरणिकेसाठी आणि महोत्सवासाठी दिले होते.”

त्याचा आवाज चढला नाही. कॅलेंडर माझ्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. त्या रात्री त्याच्या शब्दांपेक्षा माझेच वाक्य मला अधिक टोचू लागले. पैसे दिले होते, म्हणजे नेमके कशाचे दिले होते? प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नाच्या शोधातून लिहिला आहे.

कायदा काय म्हणतो?

नीतीचा विचार करण्यापूर्वी देशाचा कायदा काय सांगतो हे पाहणे इष्ट ठरेल. आपल्याकडील कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि त्यात वेळोवेळी, विशेषतः २०१२ साली, महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्याचे मूळ तत्त्व साधे आहे: ज्याने कलाकृती निर्माण केली तोच तिच्या स्वामित्वहक्काचा पहिला धनी. त्याने ती नोंदविली नसली तरी हा हक्क त्याला आपोआप मिळतो आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

या तत्त्वाला कायद्याने काही अपवाद केले आहेत. कलाकार पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने चित्र काढले असेल, तर वेगळा करार नसताना हक्क मालकाकडे जातो. त्याचप्रमाणे कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले, रंगचित्र अथवा व्यक्तिचित्र काढून घेतले, कोरीव ठसा किंवा चित्रपट करवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास काम सांगणारा पहिला धनी ठरतो. म्हणून आपल्या लग्नाचे फोटो पैसे देऊन काढून घेतले असतील, तर त्यांचा हक्क सामान्यतः आपला असतो. परंतु या यादीत रेखाचित्राचे नाव नाही आणि कायद्याने रेखाचित्र हा कलाकृतीचा निराळा प्रकार मानला आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कलावंताने रेखाटलेले बोधचिन्ह त्यामुळे, लेखी करार नसेल तर, त्याचेच राहते. रंगचित्र कोठे संपते आणि रेखाचित्र कोठे सुरू होते, यावर वकील मंडळी वाद घालू शकतील. पण तो वाद टाळण्याचा मार्गही कायद्यानेच दाखविला आहे. तो मार्ग म्हणजे लेखी कागद.

हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी द्यावा लागतो. कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हे त्या कागदात असावे लागते. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे धरली जातात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क मिळाला असे मानतात. हक्क स्वतःकडे ठेवून केवळ वापराची परवानगी देण्याचीही सोय आहे. अशी परवानगीसुद्धा लेखी असावी, असे कायदा सांगतो. चर्चच्या ऑफिसात प्यालेला चहा यांपैकी कशातच बसत नव्हता. तोंडी बोलण्यातून आम्हांला फार तर एवढेच मिळाले होते, की ज्या महोत्सवासाठी चित्र सांगितले त्या महोत्सवासाठी ते वापरावे.

“पण होडीची कल्पना तर फादरांची होती,” असे समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी नंतर मला सुचविले. मलाही क्षणभर तो आधार वाटला. परंतु कल्पनेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, कल्पना ज्या रूपात साकार होते त्या रूपावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. ख्रिस्तसभेला होडीची उपमा देण्याची कल्पना तर माझीही नव्हती. ती प्राचीन ख्रिस्तसभेची आहे. रिकाम्या जागेची होडी मात्र त्या तरुणाची होती.

आणखी एक गैरसमज आपल्यात आढळतो. चर्चच्या कामाला कायदा लागू होत नाही, असे पुष्कळांना वाटते. धार्मिक विधीच्या वेळी होणाऱ्या गायन-वादनाला कायद्याने सवलत दिली आहे, हे खरे. पण कोणाचे चित्र टी-शर्टांवर छापून विकणे म्हणजे धार्मिक विधी नव्हे, मग तो टी-शर्ट चर्चच्या अंगणात विकला गेला तरीही.

द्राक्षारस आणि घर

कायदा समजला तरी मनाचे समाधान होईना. कायदा बदलू शकतो. उद्या संसदेने त्या यादीत बोधचिन्हाची भर घातली, तर माझी कृती निर्दोष ठरेल काय? हा प्रश्न आमच्या वित्त समितीतील एका प्रामाणिक गृहस्थांनी फार नेमक्या शब्दांत विचारला. ते म्हणाले, “फादर, हे म्हणजे सुताराने खुर्चीवर बसण्याचे भाडे मागण्यासारखे झाले. एकदा खुर्ची विकली की तिच्यावर कोण बसतो याच्याशी सुताराला काय करायचे आहे?”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना मला गुरुविद्यालयात शिकलेला एक जुना पाठ आठवला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात व्याजाच्या प्रश्नाची चर्चा करताना वस्तूंचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही वस्तू वापरल्या की संपतात. द्राक्षारस पिणे म्हणजेच तो संपविणे. तेथे वस्तू आणि वस्तूचा वापर यांची फारकत करता येत नाही; म्हणून द्राक्षारसाचे मोल घेऊन वर तो पिण्याचे मोल निराळे मागणे हा अन्याय होय. घराचे तसे नाही. घर राहण्याने संपत नाही. म्हणून मालकी आपल्याकडे ठेवून दुसऱ्याला राहू देता येते, त्याचे भाडे घेता येते आणि त्यात अन्याय नसतो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. वाडी खंडाने दिली तर केळी कसणाऱ्याची. पण विहिरीकाठचा आंबा तोडून विकण्याचा अधिकार त्याला मिळत नाही आणि वाडी तिसऱ्याला परस्पर देण्याचा तर नाहीच नाही. खंड वेळेवर दिला, हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

आता चित्र कोणत्या प्रकारात बसते? ज्या कागदावर ते काढले तो कागद आम्ही विकत घेतला, असे म्हणता येईल. त्या कागदापुरता खुर्चीचा दाखला लागू पडतो. तो चौकटीत लावावा, कपाटात ठेवावा. चित्रकाराने त्याचे भाडे मागू नये. परंतु आम्ही खुर्चीवर बसलो नव्हतो. आम्ही खुर्चीच्या घाटावरून शेकडो खुर्च्या केल्या, काही विकल्या आणि एक तर शेजाऱ्याला भेट दिली. चित्राचा घाट हा द्राक्षारसासारखा वापराने संपत नाही. तो घरासारखा टिकतो. किंबहुना तो घराहूनही विलक्षण आहे, कारण त्यात एकाच वेळी हजार कुटुंबे राहिली तरी दाटी होत नाही. नेमके हेच आपल्याला फसविते. नारळ चोरला तर झाडावरची जागा रिकामी दिसते. चित्राची प्रत काढली तर चित्रकाराकडचे चित्र जसेच्या तसे असते. काहीच गेलेले दिसत नाही; म्हणून काहीच घेतले नाही, असे मन मानते.

मग काय गेले होते? त्या तरुणाचा व्यवसाय म्हणजेच अशी घरे बांधणे आणि ती कोणाला, कशासाठी, किती काळ द्यायची हे ठरविणे. दुसऱ्या धर्मग्रामाला बोधचिन्ह हवे होते. मी त्याचे चित्र पाठविले नसते तर कदाचित त्यांनी त्यालाच बोलाविले असते, कदाचित नसते. पण ठरविण्याचा तो अधिकार त्याचा होता आणि मी तो त्याच्या हातून काढून घेऊन परस्पर वापरला होता.

नाव आणि रूप

आतापर्यंत जे लिहिले ते मिळकतीसंबंधी झाले. त्या तरुणाची तक्रार मात्र मिळकतीची नव्हती. तो कॅलेंडर घेऊन आला होता, हिशेबाची वही घेऊन नव्हे. त्याला दुःख होते ते रिकाम्या जागेत भरलेल्या नावाचे.

येथेही कायदा आपल्या अपेक्षेपेक्षा पुढे गेलेला आहे. कलाकृतीचे सर्व आर्थिक हक्क विकून टाकले तरी दोन गोष्टी निर्मात्याकडे राहतात, असे आपला कायदा सांगतो. ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा अधिकार ही पहिली गोष्ट, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड वा विटंबना होऊ न देण्याचा अधिकार ही दुसरी.

या अधिकाराची कसोटी पाहणारा एक प्रसिद्ध खटला आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्याकडे केंद्र शासनाने १९५७ साली नवी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी कांस्य भित्तिशिल्पाचे काम सोपविले. सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच असे ते शिल्प १९६२ साली पूर्ण झाले. १९७९ साली इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी शिल्पकाराला न कळविता ते उतरविण्यात आले आणि त्याचे तुकडे गोदामात पडले. सेहगल १९९२ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले. शिल्पही आमचे आणि त्याचे हक्कही करारान्वये आमचे, असे शासनाचे म्हणणे होते. न्यायालयाने २००५ साली निर्णय दिला: शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी. मोल देणारा शासनासारखा बलाढ्य असला, तरी त्याने सर्वस्व विकत घेतलेले नसते, हे या निर्णयाने दाखवून दिले.

आपल्याला याचे नवल वाटू नये. पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात परमेश्वराच्या निवासमंडपाची कथा आहे. सोने, चांदी, कापड हे सर्व लोकांनी दिले होते. मंडप परमेश्वराचा होता. तरीही ज्याने ते काम घडविले त्या बसालेलचे नाव, त्याच्या पित्याचे आणि आजोबांचे नाव, त्याचा वंश, हे सारे शास्त्रात नोंदलेले आहे. परमेश्वराने त्याला नावाने बोलाविले आणि त्याच्या हातांच्या कौशल्याला आपल्या आत्म्याचे दान म्हटले. देवाने कारागिराचे नाव लिहून ठेवले आणि आमच्या स्मरणिकेने ते विसरले, ही तुलना मला आजही लाजविते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात श्रमाविषयी एक मूलभूत विचार मांडला आहे. कामाची प्रतिष्ठा ते काम कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, यावरून ठरते. होडीतली ती रिकामी जागा म्हणजे नुसता कोरा कागद नव्हता. तेथे एका माणसाने काही म्हटले होते. आम्ही ते पुसून त्यावर जाहिरात छापली.

आपल्या सबबी

वाचकहो, अशा प्रसंगी आपण ज्या सबबी देतो त्या मी स्वतः दिलेल्या आहेत. म्हणून त्यांचा समाचार घेण्याचा मला अधिकार आहे.

पहिली सबब: तो आपल्यातलाच आहे. परक्याशी आपण पावती करतो, सही घेतो, शब्द जपतो. आपल्या माणसाला मात्र गृहीत धरतो. वास्तविक न्याय ही परक्याला देण्याची वस्तू आणि प्रेम ही आपल्यांना देण्याची वस्तू, अशी वाटणी नाही. ज्याच्याशी न्यायानेही वागलो नाही, त्याच्यावर प्रेम करतो असे म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी सबब: मोबदला ठरला होता आणि तो त्याने मान्य केला होता. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीबद्दल लिहिताना दाखवून दिले की, दोन्ही बाजूंची संमती एवढ्यानेच व्यवहार न्याय्य ठरत नाही. संमतीच्याही आधीचा एक नैसर्गिक न्याय असतो. अमेरिकेतील नाइके कंपनीचे जगप्रसिद्ध चिन्ह १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने रेखाटले, त्याबद्दल तिला ३५ डॉलर मिळाले. ठरलेला व्यवहार पुरा झालेला होता. तरीही १९८३ साली कंपनीने तिला एक अंगठी आणि काही समभाग दिले. कायद्याने ते देणे लागत नव्हते. पण वाढलेल्या भाग्याचा काही अंश ज्या हाताने पहिली रेघ ओढली त्याच्याकडे जावा, हे व्यापाऱ्यालाही सुचू शकते.

तिसरी सबब सर्वांत गोड आहे: विचारले असते तर त्याने दिलेच असते. अगदी खरे. तो नाही म्हणणारा नव्हता. पण म्हणूनच तर विचारायला हवे होते. १९७७ साली मिल्टन ग्लेझर या ख्यातनाम चित्रकाराने न्यूयॉर्क राज्यासाठी लाल हृदयाचे चिन्ह रेखाटले आणि त्याचा मोबदला घेतला नाही. आज ते चिन्ह जगभर दिसते आणि त्या औदार्याचे स्मरण त्याच्या नावाने होते. आपल्याला जे आपले आहे तेच देता येते. ज्याची मालकी आपण आधीच गिळून टाकली, त्याला दान करायला काही उरत नाही. आमच्या तरुणाने दुसऱ्या धर्मग्रामाला ते चित्र आनंदाने अर्पण केले असते. मी त्याचा हक्क घेतला हे तर झालेच. त्याहून मोठे म्हणजे त्याचे दान मी परस्पर माझ्या नावावर करून टाकले. ‘फादर, तुम्ही चित्र पाठविलेत, आभारी आहोत,’ असा निरोप मला आला होता आणि मी तो स्वीकारला होता.

दुसरी बाजू

न्याय एकाच बाजूचा नसतो, म्हणून कलावंतांच्या कर्तव्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज या व्यवसायात आहेत, हे त्यांच्यासाठी.

बोधचिन्ह हे मुळात पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच असते. दुकानाच्या पाटीसाठी चिन्ह करून द्यायचे आणि मग पावतीपुस्तकावर ते छापले म्हणून निराळे पैसे मागायचे, ही द्राक्षारसाचे दुप्पट मोल घेण्याचीच आवृत्ती होय. ज्या कामासाठी गिऱ्हाईक आले ते काम निर्वेध होईल एवढा वापर पहिल्याच मोबदल्यात यायला हवा. काय दिले आणि काय राखले, हे पैसे घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे. गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर नंतर दावा उभारू नये. आणि जो आपल्या चित्राबद्दल हक्क सांगतो त्याने इंटरनेटवर सापडलेले दुसऱ्याचे चित्र उचलून स्वतःचे म्हणून विकू नये. त्या चित्रामागेही कोठे तरी एक माणूस रात्र जागलेला असतो.

भरपाई

प्रायश्चित्त संस्कारात कोणी चोरीचे पाप सांगितले, तर केवळ पश्चात्ताप पुरत नाही. घेतलेले परत करावे लागते, असे आम्ही सांगतो. संत थॉमस यांनी या परतफेडीला न्यायाचेच अंग मानले आहे. पण जेथे वस्तू गेलेलीच दिसत नाही तेथे परत काय करायचे?

मी त्या तरुणाच्या घरी गेलो. क्षमा मागणे कठीण नव्हते. त्याच्या आईने माझ्यासमोर सरबताचा पेला ठेवला तेव्हा तो उचलणे कठीण झाले. तिने फक्त एवढेच विचारले, “फादर, त्याचे नाव छापायला विसरला होता का हो तुम्ही?” विसरलो होतो, असे मी म्हणालो. ते खरे होते आणि तेच वाईट होते.

आम्ही तीन गोष्टी केल्या. कॅलेंडरच्या जाहिरातींतून आलेल्या उत्पन्नाचा एक वाटा त्याला दिला. तो घेत नव्हता, पण ही देणगी नसून देणे आहे हे मी त्याला सांगितले. दुसऱ्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना मी पत्र लिहून चित्र कोणाचे आहे ते कळविले आणि दोष माझा असल्याचे सांगितले; त्यांनी त्याच्याशी स्वतः बोलून मार्ग काढला. आणि चर्चच्या पुढच्या पत्रिकेत चित्र मूळ रूपात, रिकाम्या जागेसह, त्याच्या नावाने छापले. वित्त समितीतील त्या गृहस्थांना माझे म्हणणे पूर्णपणे पटले असे मला म्हणता येणार नाही. खुर्चीचा दाखला त्यांनी मागे घेतला नाही. मात्र वाटा देण्याच्या ठरावावर पहिली सही त्यांचीच होती.

आता मी ज्या धर्मग्रामात आहे तेथे कोणतेही चित्र, मुखपृष्ठ अथवा चिन्ह करून घेण्यापूर्वी एक साधा कागद लिहितो. हे चित्र कशासाठी? किती काळ? कोठे कोठे आणि विक्रीच्या वस्तूंवरही का? हक्क कोणाकडे? त्यात बदल करायचा झाला तर कोणाला विचारायचे? कलावंताचे नाव कोठे छापायचे? मोबदला किती व केव्हा? दोघांच्या सह्या होतात. कोणी फुकट काम करून देत असेल तर तेही लिहितो, म्हणजे दान हे दान म्हणून नोंदले जाते. सुरुवातीला काहींना हा अविश्वास वाटला. मला तसे वाटत नाही. विवाहसंस्काराच्या नोंदवहीतही वधूवरांच्या सह्या होतात. त्या अविश्वासाने होत नाहीत.

आपण सर्वच जण अशी कामे सांगत असतो. मुलीची लग्नपत्रिका, पहिल्या कम्युनियनचे कार्ड, दुकानाची पाटी, पतपेढीचा अहवाल, आजीच्या स्मरणार्थ छापलेले प्रार्थनापत्रक. पुढच्या वेळी पैसे मोजताना हातात नेमके काय येत आहे, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि चित्र दुसऱ्या कामासाठी वापरावेसे वाटले, किंवा कोणाला पाठवावेसे वाटले, तर त्याच मोबाइलवरून आधी चित्रकाराला एक फोन करावा.

बहुतेक वेळा तो हो म्हणेल. ते हो म्हणणे त्याचे असू द्यावे.